सॅम्पल नेण्याआधी प्रश्न घेऊन जा

प्रश्न असा आहे: "मी साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात अन्न व पोषण हा विषय शिकवते. पीएचडीसाठी पाटण आणि जावळी भागातली नाचणी घेतली आहे. तिच्यातलं लोह आणि कॅल्शियम मोजायचं आहे. पुढं वसतिगृहातल्या मुलींना मोड आणलेल्या नाचणीची भाकरी देऊन रक्तात फरक पडतो का, तेही पाहायचं आहे. आमच्याकडं स्पेक्ट्रोफोटोमीटर, मफल फर्नेस, मेद काढायचा सॉक्सलेट आणि नायट्रोजन मोजायचा केल्डालचा जुना संच एवढंच आहे. संस्थेला आयसीपी घ्यायला सांगू, की सॅम्पल बाहेर पाठवू? कुठं पाठवू? आणि आलेल्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवू?"

ताई, आयसीपी, म्हणजे एकाच वेळी अनेक मूलद्रव्यं मोजणारं मोठं यंत्र, घ्यायला सांगू नका. मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ब्रिक्स आणि पोल, म्हणजे रसातले विरघळलेले घटक आणि साखर, मोजत या कामाला लागले. त्यानंतरची वीसहून अधिक वर्षं सामाईक उपकरण केंद्रांत गेली, कधी यंत्राच्या अलीकडं बसून, कधी पलीकडं. त्यामुळं सांगते आहे ते अनुभवाचं आहे.

आपल्याकडं समाईक विहीर असते तसं हे आहे. विहीर खणायला सगळे पुढं येतात. खरी परीक्षा असते ती मोटर जळल्यावर पैसे कोण काढणार, पाळी कुणाची कधी, आणि रात्री दोनला लाइट आल्यावर मोटर चालू करायला कोण जाणार, यात. आयसीपी चालू असताना सतत आरगॉन वायू खातो. त्याला एसी लागतो, धूर ओढणारी व्यवस्था लागते, दरवर्षी एएमसी, म्हणजे देखभालीच्या कराराची रक्कम, भरावी लागते आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोज त्याच यंत्रावर हात असलेला माणूस लागतो. वर्षातून ऐंशी सॅम्पल करणाऱ्या विभागाला हे परवडत नाही. यंत्र अनुदानातून येतं, एएमसी मात्र संस्थेच्या खिशातून जाते आणि ऑपरेटरचं पद मंजूरच होत नाही. प्लास्टिकच्या आवरणाखाली तसंच राहिलेलं एचपीएलसी (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे. प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण ते आणण्यासाठी कुणीतरी फायली घेऊन वर्षभर पळालेलं असतं.

तुमच्याकडं जे आहे त्याला "एवढंच" म्हणू नका. मफल फर्नेस आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर लोह निघतं. पीठ आधी मंद आचेवर क्रुसिबलमध्ये जाळून घ्यायचं. थेट फर्नेसमध्ये ठेवलं तर उडतं आणि सॅम्पल गेलंच. मग ५५० अंशांवर राख करायची. राखेत काळे कण राहिले तर गार झाल्यावर नायट्रिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकून, प्लेटवर सुकवून पुन्हा आत ठेवायचं. पांढरट-करडी राख हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायची, हायड्रॉक्सिलअमीनने लोह फेरस रूपात आणायचं, ऑर्थो-फेनँथ्रोलिन घालायचं. केशरी-तांबूस रंग येतो तो ५१० नॅनोमीटरला मोजायचा. त्याच राखेतून कॅल्शियम ऑक्सॅलेट म्हणून खाली बसवायचं, धुवून गरम गंधकाम्लात घ्यायचं आणि पोटॅशियम परमँगनेटने टायट्रेट करायचं. गुलाबी छटा टिकली की थांबायचं. पद्धत जुनी आहे, वेळ खाते, पण हात बसला की उत्तर चोख देते. फायटेट, म्हणजे दाण्यातला लोह बांधून ठेवणारा घटक, तोही वेड रिएजंटने याच स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होतं, आणि तुमच्या विषयात ते लोहाइतकंच महत्त्वाचं आहे. फायटेटला ६६० ने आणि लोहाला ५६ ने, म्हणजे आपापल्या रेणुभाराने आणि अणुभाराने, भागून दोन्हींचं गुणोत्तर काढा. ते १ च्या वर असेल तर दाण्यात लोह कितीही असलं तरी शरीराला त्यातलं फार थोडं मिळतं. मोड आणल्याने नेमकं हेच गुणोत्तर खाली येतं. तुमच्या प्रबंधाचा गाभा मला तिथं दिसतो.

म्हणजे सगळी सॅम्पल महाविद्यालयातच करा आणि त्यातली दहातली एक-दोन बाहेर आयसीपीवर तपासून घ्या. दोन्ही आकडे जुळत असतील तर तुमची पद्धत सिद्ध होते आणि परीक्षकाला दाखवायला पुरावा मिळतो. जुळत नसतील तर निदान काम अर्ध्यावर असतानाच कळतं.

आता नाचणीतल्या लोहाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त फसगत इथंच होते.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी डोंगरी भागातल्या नाचणीची सॅम्पल घेऊन आली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत नाचणीचं लोह १०० ग्रॅमला ४.६२ मिलिग्रॅम आणि कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम दिलं आहे. तिच्या काही सॅम्पलांत कॅल्शियम त्याच्या आसपास आलं, पण लोह दुपटीहून जास्त. ती हरखून गेली. लोहसमृद्ध गावठी वाण सापडलं म्हणून शोधनिबंधाचा मसुदाही तयार होता. मी तिला एवढंच विचारलं, मळणी कुठं केली होती? तिला माहीत नव्हतं. तिने गावात फोन लावला. तीन शेतकऱ्यांनी घरच्या सारवलेल्या खळ्यावर मळली होती, बाकीच्यांनी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली. शिवाय सगळी नाचणी तिने घरच्या मिक्सरमध्ये दळली होती.

आम्ही उरलेली नाचणी घेतली, पांढऱ्या कागदावर पसरली आणि भिंगाखाली पाहिली. दाणा मोहरीपेक्षाही बारीक. दाण्यांच्या बेचक्यात तांबड्या मातीचे कण बसलेले. आपल्या डोंगरातली जांभ्याची माती म्हणजे लोहाचीच खाण. अर्धी नाचणी डीआयोनाइज्ड पाण्यात तीनदा झटपट धुतली, प्लास्टिकच्या चाळणीत निथळून ओव्हनमध्ये वाळवली आणि अकीकाच्या खलात कुटली. उरलेली अर्धी न धुता तशीच कुटली. आठवडाभराने आकडे आले. धुतलेल्या नाचणीचं लोह तक्त्याच्या जवळ आलं होतं. मुलगी रडली. मी तिला म्हटलं, बाई गं, हे छापून आल्यावर कळलं असतं तर?

म्हणून आयसीपीला सॅम्पल देताना लोहाबरोबर ॲल्युमिनियम, टायटॅनियम आणि क्रोमियम हेही मागून घ्या. यंत्र एकाच वेळी अनेक मूलद्रव्यं वाचतं, त्यामुळं ऑपरेटरला फार जास्त काम पडत नाही. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम वर गेलेले दिसले तर माती आहे. क्रोमियम वर गेलं तर दळताना स्टीलची पाती झिजून पिठात उतरली आहेत. काचेची आणि प्लास्टिकची भांडी आदल्या रात्री १० टक्के नायट्रिक आम्लात बुडवून ठेवा. नळाच्या पाण्याने विसळलेल्या भांड्यात लोह मोजण्यात अर्थ नाही.

आता कुठं पाठवायचं. तुम्हाला सगळ्यात जवळचं म्हणजे कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झालं आणि आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. तिथं केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणारं सैफ-सीएफसी हे सामाईक केंद्र आहे. सैफ, म्हणजे प्रगत विश्लेषण उपकरणं सगळ्यांना वापरू देणारी केंद्रं, ही योजना जुनी आहे. पवईच्या आयआयटीतलं केंद्र १९७६ पासून चालतं, तेव्हा त्याला आरएसआयसी म्हणत. बाहेरच्या महाविद्यालयांसाठी दार उघडं ठेवणं हेच या केंद्रांचं काम आहे, तेव्हा संकोच करू नका. कुठं कोणतं यंत्र आहे हे शोधायला आय-स्टेम हे राष्ट्रीय पोर्टल आहे. जानेवारी २०२० मध्ये ते सुरू झालं. त्यावर यंत्राच्या नावाने शोधता येतं आणि स्लॉटसाठी नोंदणीही करता येते. पण नोंदणीवर थांबू नका, फोन करा. यंत्र पोर्टलवर दिसतं, मात्र त्याचा डिटेक्टर महिनाभर बंद आहे हे फोनवरच कळतं.

जीवनसत्त्वं, मेदाम्लं, अमिनो आम्लं अशा कामासाठी म्हैसूरची अन्नतंत्रज्ञान संस्था सीएफटीआरआय आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांचा हात धरणारं दुसरं कुणी नाही. खासगी प्रयोगशाळाही चांगल्या आहेत, पण तिथं एक गोष्ट बघा. एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, ती ठरावीक चाचणीला आणि ठरावीक पदार्थाला असते. पाण्यातल्या लोहाची मान्यता असलेली प्रयोगशाळा नाचणीतल्या लोहासाठी मान्य असेलच असं नाही. मान्यतेचं परिशिष्ट मागा आणि त्यात तुमची चाचणी आहे का ते स्वतः वाचा.

केंद्रात पहिल्यांदा जाल तेव्हा सॅम्पल नेऊ नका. रिकाम्या हाताने जा आणि ऑपरेटरसमोर बसून तुमचा प्रश्न सांगा. सातारा ते कोल्हापूर एसटीने तीन तासांच्या आतबाहेर लागतात. ही एक फेरी पुढच्या पाच फेऱ्या वाचवते. ऑपरेटर विचारेल, अपेक्षित पातळी काय, सॅम्पल किती, कशात विरघळवणार, आम्ल किती टक्के राहणार, गाळून आणणार का. या प्रश्नांची उत्तरं देता देता तुमची पद्धत आपोआप घडत जाते. आमच्याकडं लोक एचपीएलसीला न गाळलेला रस घेऊन येत. ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर न लावता तो यंत्रात गेला की कॉलम चोंदतो आणि मागे रांगेत असलेल्या दहा जणांचं काम थांबतं. मग ऑपरेटर चिडतो आणि लोक म्हणतात तिथली माणसं सहकार्य करत नाहीत. ऑपरेटरशी नातं जपा. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सगळ्या राज्यातले शोधार्थी एकदम येतात, तो काळ टाळा. श्रावणात जा, निवांत शिकवतील.

आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा, हे तुमचं खरं दुखणं आहे, आणि ते विचारलंत याचा मला आनंद झाला. बहुतेक जण शिक्का बघतात आणि गप्प बसतात. तुम्ही पाठवलेल्या गठ्ठ्यात चार पाहुणी सॅम्पल घुसवा. एक म्हणजे ब्लँक, म्हणजे नाचणी सोडून बाकी सगळं तेच. दुसरं, तुमच्याच एका सॅम्पलची जुळी पुडी वेगळ्या नंबरने. तिसरं, माहीत असलेलं लोह मिसळलेलं सॅम्पल, ते साधारण ९० ते ११० टक्के परत मिळायला हवं. चौथं, शक्य असेल तर प्रमाणित संदर्भ पीठ. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचं तांदळाचं पीठ १५६८बी आणि गव्हाचं १५६७बी मिळतं. ते महाग आहे, बाटली छोटी असते. तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक बाटली घ्यावी असं मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. सामाईक सुविधा म्हणजे नुसतं मोठं यंत्र नव्हे, अशी एक बाटलीसुद्धा सामाईक असू शकते.

अहवाल हातात आला की तो ओल्या वजनावर आहे की कोरड्या, हे आधी बघा. नाचणीत दहा-अकरा टक्के ओलावा असतो, तेवढाच फरक आकड्यात पडतो, आणि कुणी कोरड्या वजनाचा आकडा तक्त्यातल्या ओल्या वजनाशी ताडला की निष्कर्ष उलटासुलटा होतो. प्रथिनं नायट्रोजन मोजून, त्याला एका आकड्याने गुणून काढतात, तेव्हा प्रथिनांचं असेल तर कितीने गुणलं ते विचारा. नाचणीला ६.२५ ठीक आहे. पण शेंगदाण्याला ५.४६ आहे. नायट्रोजन ४ टक्के निघाला तर एका गुणकाने प्रथिनं २५ टक्के येतात, दुसऱ्याने २१.८४. कोरेगावच्या वाघ्या घेवड्यावर काम करणाऱ्या एका मुलाने शेंगदाण्याचा गुणक लावला होता, आणि घेवड्यात प्रथिनं कमी कशी म्हणून तो महिनाभर शोधत होता.

आता मुलींचं काम. इथं घाई करू नका. आचारनीती समितीची मंजुरी आधी, भाकरी नंतर. २०१९ च्या नियमांनंतर जैववैद्यकीय संशोधन तपासणारी समिती आरोग्य संशोधन विभागाकडं नोंदलेली असावी लागते. तुमच्या महाविद्यालयात तशी समिती नसेल तर कराड, मिरज किंवा सांगलीच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी सहकार्य करा. हीसुद्धा एक सामाईक सेवाच आहे. मुली १८ च्या आतल्या असतील तर पालकांची संमती आणि मुलीचा स्वतःचा होकार, दोन्ही लेखी घ्या. पहिली मुलगी दाखल करण्याआधी अभ्यास सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदवा. नंतर नोंदवलेल्या चाचण्या चांगली नियतकालिकं परत पाठवतात.

नुसतं हिमोग्लोबिन मोजून भागणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया ॲनिमिक निघाल्या, पण त्यातल्या सगळ्यांचं कारण लोहाची कमतरता हेच नसतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहसाठा दाखवणारं प्रथिन, मोजा, आणि त्याच्यासोबत अंगातली सूज दाखवणारं सीआरपी मोजाच. अंगात ताप-सर्दीची सूज असली की फेरिटिन वर चढतं आणि लोह कमी असलेली मुलगीही ठीक दिसते. निरोगी मुलीत १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली म्हणजे लोहसाठा रिकामा. किती महिने भाकरी द्यायची, तर तांबड्या पेशीचं आयुष्यच १२० दिवसांचं असतं. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, १२ ते १६ वयाच्या मुलामुलींना लोहसमृद्ध बाजरीची भाकरी ६ महिने दिली होती. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ४ महिन्यांतच फेरिटिनमध्ये फरक दिसला होता. तुमच्या कामाला यापेक्षा जवळचा नमुना नाही. एक महिना लाडू वाटून रक्त काढणारे प्रबंध मी तपासले आहेत. त्या मुलींना टोचलेली सुई वाया गेली, असंच म्हणावं लागतं.

रक्त काढल्यावर सीरम वेगळं करून छोट्या-छोट्या नळ्यांत उणे ८० अंशांवर ठेवायचं, आणि एकाच मुलीच्या नळ्या दोन वेगवेगळ्या फ्रीझरमध्ये. एका संस्थेत, नाव घेत नाही, दिवाळीच्या सुट्टीत ब्रेकर पडला. जनरेटर होता, पण सुट्टीत तो चालू करायला कुणी नव्हतं. पाच दिवसांनी दार उघडलं तेव्हा खाली पाणी साचलं होतं. माझ्या एका मैत्रिणीची दोन वर्षांची मेहनत होती ती. ज्या बायकांनी विश्वासाने हात पुढं केला त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न तिला अजून छळतो. त्यामुळं कुठल्याही केंद्रात सीरम ठेवण्याआधी विचारा: तापमान बिघडलं तर कुणाच्या मोबाइलवर अलार्म वाजतो? त्या माणसाचं नाव सांगता आलं नाही तर तिथं ठेवू नका. आणि सांगलीत ठेवणार असाल तर फ्रीझर कितव्या मजल्यावर आहे तेही बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात कुठवर आलं होतं, ते आम्ही विसरलेलो नाही.

शेवटची सुविधा कुठल्याच पोर्टलवर नसते, ती म्हणजे वसतिगृहाचं स्वयंपाकघर. परदेशी विद्यापीठांत यासाठी वेगळं मेटाबॉलिक किचन असतं. तुम्हाला ते वसतिगृहातच उभं करायचं आहे. एका ग्रॅमचाही फरक दाखवणारे दोन काटे, पिठाचे मोजून बांधलेले पुडे आणि भाकरी थापणाऱ्या मावशी. मावशींना सुरुवातीपासून सामील करून घ्या. कुणासाठी काय चाललंय हे समजलं की त्या तुमच्यापेक्षा काटेकोर होतात. तवा कोणता वापरतात ते बघा. लोखंडी तव्यावर भाकरीत लोह उतरतं, तेव्हा दोन्ही गटांना सारखाच तवा हवा. मुलीने अर्धी भाकरी टाकली तर ती उरलेली अर्धी वजन करून वहीत लिहायची. जेवणाबरोबर चहा घेतात का, लिंबू पिळतात का, हेही लिहायचं, कारण चहा लोह अडवतो आणि लिंबू वाट मोकळी करतं. आठवड्यातून एकदा शिजलेल्या भाकरीचा तुकडा डबीत घालून फ्रीझरमध्ये टाका आणि त्यातलं लोह मोजा. तक्त्यातला आकडा कच्च्या दाण्याचा असतो. मुलीच्या पोटात जाते ती भाकरी.

संख्याशास्त्रज्ञाकडंही मुली निवडण्याआधीच जा, नंतर जाऊन काही दुरुस्त होत नाही. प्रबंधात केंद्राचे आणि ऑपरेटरचे आभार नावानिशी माना, आणि त्याने पद्धत बसवण्यात डोकं घातलं असेल तर लेखकांत नाव घाला.

यंदाची काढणी झाली की दर शेतकऱ्याकडून दोन किलो नाचणी कोऱ्या कापडी पिशवीत घ्या, पत्र्याच्या डब्यात नको. पिशवीवर गाव, वाण आणि काढणीची तारीख लिहा. खाली एक ओळ मळणीसाठी मोकळी ठेवा. शेतकऱ्याला विचारून तिथल्या तिथं भरा: खळं की रस्ता.